भुयाराच्या वर कोण राहतं?

मागच्या डिसेंबरात आम्ही चार मित्र व्हिएतनामला गेलो होतो. हो ची मिन्ह सिटीपासून बसने दीड-दोन तासांवर कू ची आहे. तिथली भुयारं बघितली, पर्यटकांसाठी मुद्दाम रुंद केलेल्या एका तुकड्यातून रांगत गेलो, मातीने माखून बाहेर आलो आणि त्या अवतारातला फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मामाचा फॉरवर्ड आला. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याचा अभ्यास करून, तिथल्या नेत्याने तसं समाधीवर कोरून घेतलंय, वगैरे. हा मजकूर मराठी माणसाच्या फोनवर वर्षातून दोनदा तरी येतोच. त्याला पुरावा कसलाही नाही. तरी मी वाद घातला नाही, कारण मलाही तेव्हा तसंच काहीसं वाटत होतं. बलाढ्य शत्रू, तुटपुंजी साधनं, पायाखालची ओळखीची जमीन ही गोष्ट आपल्याला चौथीच्या इतिहासापासून पाठ आहे. त्यामुळे आपण विचार न करताच भुयारातल्या माणसाच्या बाजूने उभे राहतो.

नंतर कितीतरी दिवस मला त्या ‘विचार न करताच’चा त्रास होत राहिला. हा लेख त्यातून आला.

आधी कौतुक, कारण ते खोटं नव्हतं. कू चीत भुयारं खणायला सुरुवात झाली ती १९४० च्या दशकात, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात. पुढे अमेरिकन सैन्य आल्यावर ती वाढत गेली आणि एकूण लांबी सुमारे २५० किलोमीटर झाली असं सांगितलं जातं. खणायला छोट्या कुदळी, माती काढायला बांबूच्या टोपल्या. स्वयंपाकाचा धूर जमिनीखालच्या लांब चरांतून फिरवून थंड करायचा आणि दूर कुठेतरी जमिनीलगत धुक्यासारखा विरू द्यायचा, अशी चुलीची रचना. वाटेत मध्येच पाणी भरलेले खोलगट भाग, आपल्या घरातल्या संडासाच्या वाकड्या पाइपसारखे, म्हणजे वरून सोडलेला गॅस तिथेच अडेल. एक तुकडा उद्ध्वस्त झाला तरी बाकीचं जाळं चालू राहील अशी आखणी. अमेरिकेच्या २५ व्या पायदळ डिव्हिजनने आपला तळ उभारला तो याच कू चीत, भुयारांच्या डोक्यावर. माझ्यातला इंजिनियर खूश होता. शेवटी उकडलेला कसावा आणि दाण्याचं मिठाचं कूट खायला दिलं. भुयारातल्या माणसांचं हेच मुख्य अन्न. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा. आमच्यातला एकजण म्हणालासुद्धा, ‘म्हणजे यांचा वर्षभर उपवास.’ आम्ही हसलो.

सॉफ्टवेअरमध्ये काम करताना एक गोष्ट लवकर कळते. एखादी कटकट अचानक नाहीशी झाली असं वाटलं, की ती कुठे गेली ते शोधावं. बहुतेक वेळा ती दुसऱ्या टीमच्या गळ्यात पडलेली असते. परतीच्या बसमध्ये मला हाच प्रश्न पडला. आकाशातून बॉम्ब पडत होते. भुयारात गेलेला माणूस वाचला. मग तो बॉम्ब कोणावर पडला?

याचं एक उत्तर बेन सुक नावाच्या गावात मिळतं. कू चीपासून जवळच, साय्गॉन नदीच्या काठावर. जानेवारी १९६७ मध्ये ‘सीडर फॉल्स’ या मोहिमेत अमेरिकन सैन्याने हे गाव हेलिकॉप्टरने वेढलं. बेन सुक आणि आसपासच्या वाड्यांतली मिळून सुमारे सहा हजार माणसं त्यांच्या म्हशी-कोंबड्या आणि उचलता येईल तेवढ्या सामानासकट छावणीत नेली. मग घरं जाळली, बुलडोझर फिरवला आणि जमिनीखालची भुयारं कोसळावीत म्हणून गावाच्या मध्यभागी सुरुंग लावले. जोनाथन शेल हा तेव्हा २३ वर्षांचा पत्रकार तिथे होता. त्याने या गावाच्या शेवटाचा वृत्तांत लिहिला आणि तो पुढे पुस्तकरूपाने आला. खालचे लढवय्ये बरेचसे निसटले, काही महिन्यांत परतलेसुद्धा. गाव मात्र परत आलं नाही.

भुयार धोका नाहीसा करत नाही, तो वरच्या माणसाकडे सरकवतं.

यावर एक आक्षेप लगेच येतो आणि तो हलका नाही. दुबळ्याने मग करायचं काय? ज्याच्याकडे विमानं आहेत तो म्हणणारच की मर्द असाल तर उघड्या मैदानात या. मैदानातल्या लढाईचे नियम मैदानात जिंकणाऱ्यांनीच केलेले असतात. लपणं हा भेकडपणा असेल, तर वीस हजार फुटांवरून बॉम्ब टाकणं हे काय शौर्य आहे? मला हा आक्षेप मान्य आहे. ‘टनेल रॅट्स’ म्हणवले जाणारे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक एक पिस्तूल आणि टॉर्च घेऊन या बिळांत उतरायचे, तेव्हा तिथे दोन्ही बाजूंना सारखीच भीती असे. लपण्याचा हक्क दुबळ्याला आहे. प्रश्न इतकाच, की दुसऱ्याला न विचारता त्याला आपलं छप्पर करण्याचा हक्क त्यात येतो का?

उलट बाजूने येणारी पळवाटही बंद करायला हवी. ‘ते लोकांच्या आड लपले, मग लोक मेले तर दोष त्यांचा.’ युद्धाचे नियम हे मान्य करत नाहीत. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी मसुद्यात, ५१ व्या कलमात, नागरिकांना ढालीसारखं वापरायला बंदी आहे. पण तिथेच पुढे हेही आहे की एका पक्षाने ही बंदी मोडली म्हणून दुसऱ्याची नागरिकांबद्दलची जबाबदारी संपत नाही. म्हणजे दोष वाटून कमी होत नाही, प्रत्येकाच्या खात्यावर पूर्णच्या पूर्ण लागतो. बेन सुक कोणी उद्ध्वस्त केलं याबद्दल मला शंका नाही. मला भुयार खणणाऱ्याच्या खात्याबद्दल बोलायचंय, कारण आपण ते खातं उघडतच नाही.

सगळी भुयारं सारखी नसतात, हे मला विन्ह मॉकबद्दल वाचताना कळलं. क्वांग त्री प्रांतात, १७ व्या अक्षांशाच्या थोडं उत्तरेला, समुद्रकाठचं हे मच्छीमारांचं गाव. १९६५ नंतर बॉम्बफेक वाढली तेव्हा गावाने जमिनीखाली तीन मजली गाव खणलं, सर्वांत खालचा मजला वीस मीटरहून खोल. प्रत्येक कुटुंबाला कोनाडा, विहिरी, बैठकीची जागा, बाळंतिणीची खोली. त्या खोलीत १७ मुलं जन्मली. विन्ह मॉक अगदी निरागस होतं असं नाही. समोरच्या कॉन को बेटावरच्या सैन्याला इथून रसद जायची. तरीही एक फरक राहतोच. विन्ह मॉकमध्ये जो वर राहत होता तोच खाली जात होता. ज्यांच्या अंगावर धोका होता, त्यांच्यासाठीच जागा होती. कू ची कुठेतरी मधे येतं. गावकऱ्यांनीही भुयारं खणली, त्यांतले काही खाली लपायचेही. पण ज्याला लढायचंच नव्हतं, नुसता भात लावायचा होता, त्याला नाही म्हणायची सोय होती असं दिसत नाही.

आणि तिसरं टोक गाझा. तिथे गेल्या दोन दशकांत जमिनीखाली शेकडो किलोमीटरचं जाळं तयार झालं. वर जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक, जिच्यासाठी सार्वजनिक बॉम्ब-आसरे नव्हते. २००६ नंतर युद्ध सुरू होईपर्यंत संसदेची निवडणूकही झाली नव्हती, म्हणजे विचारणं दूरच. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस हमासचे नेते मूसा अबू मरझूक यांना एका मुलाखतीत हाच प्रश्न आला: इतकी भुयारं खणलीत, तर लोकांसाठी आसरे का नाहीत? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की भुयारं आम्हाला विमानांपासून वाचवायला आहेत, आणि गाझातले बहुतेक लोक निर्वासित असल्याने त्यांना सांभाळणं संयुक्त राष्ट्रांचं काम आहे. त्याच आठवड्यात जबालियाच्या छावणीवर इस्रायलने बॉम्ब टाकले. खाली कमांडर आणि भुयार होतं, ते कोसळल्याने वरच्या इमारती पडल्या, असं इस्रायली सैन्याचं म्हणणं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचली. एकाला वरचा माणूस सांभाळायचा नव्हता, दुसऱ्याला तो मोजायचा नव्हता. एकमेकांचे इतके कट्टर शत्रू, पण या एका बाबतीत त्यांचं न बोलता जमलं होतं.

मग मला मामाचा फॉरवर्ड पुन्हा आठवला. शिवाजी महाराजांचं एक अस्सल पत्र आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचं, चिपळूणकडे छावणी केलेल्या आपल्याच सैन्याच्या जुमलेदारांना लिहिलेलं. त्यात लढाईचा डावपेच नाही. दाणा, वैरण बेताने वापरा, नाहीतर ऐन पावसात संपेल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकडं, कोणी भाजी. तसं झालं तर लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच जड वाटाल आणि ते गाव सोडतील. असा त्या पत्राचा आशय. उंदराने पेटती वात पळवून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. त्या काळातलं सगळं सैन्य त्याबरहुकूम वागलं असं मी म्हणत नाही. पण लिहिणाऱ्याला एक माहीत होतं: लढणारा लपतो आणि खातो तो कोणाच्या तरी जिवावर, आणि त्या कोणाचा तरी हिशेब ठेवणं हा लढाईचाच भाग आहे. गनिमी काव्यातलं हे पान आपण फॉरवर्ड करत नाही.

या दिवाळीत मामाला भेटलो तेव्हा हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘अरे, पण ते जिंकले ना?’

जिंकले. १९७५ मध्ये जिंकले, आणि आज तिथे तिकीट काढून माझ्यासारखे लोक रांगतात. मामाच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. कदाचित भुयारं नसती तर बेन सुकच्या मुलांना आजचा देशच मिळाला नसता. पण हे वाक्य नेहमी जिंकलेलेच बोलतात, आणि बेन सुकच्या वतीने कोणालाही बोलता येतं. मी इतकंच ठरवलंय, की यापुढे कुठल्याही भुयाराचं कौतुक करण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या: वर राहणाऱ्याला विचारलं होतं का, आणि त्याच्यासाठी खाली जागा होती का. मामाने यावर मान हलवली आणि फराळाचं ताट पुढे सरकवलं. त्याला पटलं की नाही, मला कळलं नाही.