मुक्कामी गाडी

भाद्रपदातल्या एका रविवारी कोथळीगडला जायचं ठरलं. भाचीने बेत कागदावर उतरवला: ठाण्याहून कर्जत लोकल, कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीची एसटी, मग चढण, पेठ गाव आणि सुळका. परतीची वेळ तिने कर्जत स्थानकातल्या फलकावरून टिपली, साडेसहा.

आत्याने एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केलेली. ती थेट चौकशीच्या खिडकीशी गेली. “आंबिवलीहून इकडे यायला शेवटची गाडी कोणती?”

“चारची. साडेसहाची मुक्कामी आहे.”

मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि सकाळी तीच गाडी शाळा-कॉलेजच्या पोरांना, बाजारकऱ्यांना घेऊन तालुक्याला येते. ही सोय गावासाठी आहे आणि तशीच राहिली पाहिजे. भटकणाऱ्यांनी तिच्या वेळा सांभाळाव्यात.

एसटीत बसल्याबसल्या आत्याने बेत शेवटाकडून मांडला. पावणेचारला थांब्यावर हवं. उतरायला दीड तास, वाट निसरडी म्हणून आणखी अर्धा. म्हणजे पावणेदोनला पेठ सोडायचं.

“मग वर कितीसा वेळ मिळणार?” भाची हिरमुसली.

“मिळेल तेवढा सगळा आपला. मध्ये घड्याळ बघायचं नाही, ते मी बघते.”

गुहेतले कोरीव खांब दोघींनी निवांत पाहिले. मग सुळक्याच्या पोटात खोदलेल्या पायऱ्यांनी माथा गाठला, तर चहूकडे ढग. ढग हटले की भीमाशंकरची रांग दिसते, म्हणून भाची हलेना. थोड्या वेळाने आत्या उठली. भाची तिच्यामागे उतरली खरी, पण पेठेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पेठेत चार मुलं चढून येताना भेटली. परतीचं विचारलं तर म्हणाली, “साडेसहाची एसटी आहे की!”

आत्या बोलायच्या आधीच भाची पुढे झाली. मुक्कामी म्हणजे काय, ते तिने समजावलं. “इथवर येऊन गड सोडायचा?” एकजण चिडला. त्याच्या पायात साध्या चपला होत्या आणि बॅटरी कुणाकडेच नव्हती. अंधारातली ती उतरण आत्याने नुसती बोटाने दाखवली. चौघंही मागे फिरले.

चारच्या गाडीत मागच्या बाकावर चर्चा रंगली.

“माहुलीला जाऊ पुढच्या वेळी,” भाची त्यांना सांगत होती, “आसनगाव स्टेशनावरून पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. एसटीची वाट बघायला नको. फक्त परतीची लोकल आधी ठरवू.”