अस्थिशुद्धी आणि रक्ताचा कौल

दाढ काढल्यानंतर जबड्याचे जे हाड हळूहळू झिजत जाते ते भरून काढण्यासाठी दंतवैद्य आज जी द्रव्ये वापरतात, त्यांची वंशावळ पाहू गेल्यास एखाद्या कर्मठ गृहस्थाची झोप उडावी. फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे अस्थिचूर्ण गाईबैलांच्या हाडांचे असते; त्यावर अंथरावयाचा पडदा पुष्कळदा डुकराच्या कोलॅजनचा असतो; हिरडीचा सुटलेला सांधा पुन्हा जुळावा म्हणून दाताच्या मुळास लावावयाचे प्रथिनांचे लेपद्रव्य कोवळ्या डुकरांच्या दंतांकुरांतून काढलेले असते; आणि मुळाचे छिद्र बुजविणारे जे सिमेंट कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिद्ध केले, त्याचे मूळ जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली इंग्लंडात पेटंट घेतलेल्या पोर्टलंड सिमेंटात, म्हणजे घरे बांधण्याच्या सिमेंटात आहे. हिंदूला पहिले, मुसलमानाला नि यहुद्याला दुसरे आणि तिसरे, आणि कोणाही शहाण्या माणसाला चौथे आपल्या तोंडात नकोसे वाटेल. परंतु ज्यांच्या हद्दीत ही द्रव्ये प्रत्यक्ष उतरतात त्या रक्तातील पांढऱ्या पेशींना यांपैकी कशाचाही विटाळ होत नाही, निदान आपण समजतो त्या कारणाने तरी होत नाही. मग देहात काय यावे नि काय येऊ नये, याचा फैसला नेमका कोणी करावयाचा?

या पेशींचा स्वभाव ज्याने प्रथम डोळ्यांनी पाहिला तो रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव्ह. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभांच्या अंगात गुलाबाचे काटे खुपसून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो फिरत्या पेशींनी त्या काट्यांना गराडा घातलेला! पुढे ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेटने या सगळ्या रक्षणव्यापाराला ‘स्व’ आणि ‘पर’ यांच्या विवेकाचे रूप दिले, आणि रोगप्रतिकाराचे शास्त्र एकाएकी तत्त्वज्ञानाच्या शेजारी येऊन बसले. आपल्याकडील वाचकाला अशा वेळी शंकराचार्य आठवल्यावाचून राहत नाहीत. कारण ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभीच ‘मी’ आणि ‘तू’ या दोन प्रत्ययांचा विरोध त्यांनी प्रकाश आणि अंधकार यांच्या जोडीने सांगितला आहे. पण ही आठवण जपून वापरली पाहिजे. बर्नेटचा ‘स्व’ म्हणजे देह. आचार्यांच्या हिशेबी देह समूळ पराच्या बाजूला, आणि त्या बाजूला एकदा सारा देहच गेला की स्वतःची अक्कलदाढ आणि गाईचे हाड यांत आत्मदृष्टीने काडीचाही भेद उरत नाही. अद्वैताचा आधार घेऊन गोअस्थीला नकार देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आणि होकार देणाऱ्यानेही फार हुरळून जाऊ नये, कारण याच न्यायाने उपचार करून घेण्याचेही प्रयोजन संपते.

आचार्यांचे खरे साहाय्य होते ते दुसऱ्या ठिकाणी, आणि तो भाग मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. पेशी त्या चूर्णाला उघड्या रूपात कधी भेटतच नाही. जखमेतले रक्त कणाला लागते न लागते तोच रक्तद्रवातील अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, पूरक प्रथिने यांचा एक पातळ थर त्याच्या पृष्ठभागावर चढतो. पेशी पोहोचते ती या थरापाशी, आणि तिला जे काही कळते ते या थरावरून. त्यातही गंमत अशी की, फायब्रिनोजेन पृष्ठभागाला चिकटताना आपली घडी मोडते, एरवी झाकलेला त्याचा एक भाग उघडा पडतो आणि पेशीचा ग्राहक नेमका तोच भाग पकडून दाहाची हाकाटी करतो. म्हणजे जे परके म्हणून ओळखले जाते ते पुष्कळ अंशी आपल्याच रक्ताचे विस्कटलेले रूप असते. एकावर दुसऱ्याचा आरोप करून व्यवहार चालविणे याला वेदान्ती अध्यास म्हणतात. रक्ताचा व्यवहार याहून फार निराळा नाही. मात्र सर्प भासण्यालाही दोरी लागतेच: पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत, पाणी धरणारा की झिडकारणारा, यावर थर कसा बसेल हे ठरते, आणि म्हणून द्रव्य बनविणाऱ्याचे कौशल्यही व्यर्थ नसते.

पुढचा क्रम थोडक्यात सांगण्याजोगा आहे. प्रथम न्यूट्रोफिल येतात आणि थोड्याच दिवसांत ओसरतात. मागोमाग रक्तातील मोनोसाइट पेशी ऊतकांत उतरून महाभक्षक बनतात, आरंभी आग भडकवितात आणि नंतर, सर्व ठीक चालले तर, डागडुजीला लागतात. ही आरंभीची धामधूम अजिबात दडपली तर भरणेही बिघडते. गिळता न येणाऱ्या मोठ्या कणाभोवती याच पेशी एकमेकींत मिसळून बहुकेंद्रकी राक्षसपेशी होतात. गाईच्या हाडाचे कण इतक्या संथपणे झिजतात की नवे हाड त्यांच्या अवतीभवती वाढते आणि कित्येक वर्षांनंतरही ते कण तेथेच सापडतात. सिमेंटची कथा याहून विलक्षण: ओले असताना ते इतके दाहक अल्कली असते की दाताच्या मगजाचा त्याला भिडलेला पापुद्रा होरपळतो, पण त्यातून सुटणारे कॅल्शियम देहद्रवातील फॉस्फेटशी संयोग पावून त्याच्यावर हाडातल्यासारख्याच खनिजाचे आवरण चढविते, आणि खाली नवे दंतद्रव्य धरू लागते. कोठे दुर्लक्ष, कोठे वेढा, कोठे उपयोग. या सगळ्याला मिळून ‘स्वीकार’ हा एकच शब्द लावणे हा आपला आळस आहे.

आता शौचाशौचाचा प्रश्न. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मनुष्याच्या हाडाचा स्पर्श झाल्यास काय करावे ते सांगताना स्निग्ध हाड आणि कोरडे हाड असा भेद केला आहे: पहिल्याला स्नान हवे, दुसऱ्याला आचमन करून गाईला स्पर्श करणे किंवा सूर्याकडे पाहणे पुरते. कारखान्यात आज उष्णतेने आणि रसायनांनी हाडातील स्नेह आणि प्रथिने घालवितात ती क्रिया या भेदाची आठवण करून देते; जनावराची खरी ओळख प्रथिनांत असते, आणि ती गेल्यावर उरणारे खनिज गाईत नि माणसात जवळजवळ सारखेच. जिच्या स्पर्शाने अस्थिदोष जावयाचा तीच गाय येथे अस्थिरूपाने उभी राहते, हा विपर्यास स्मृतिकाराला सुचला नव्हता, त्याला इलाज नाही. पण एवढ्यावरून ‘प्रथिने गेली, मग हरकत कसली?’ असे विचारणाऱ्या दंतवैद्याने ‘न्यायप्रवेश’ या बौद्ध तर्कग्रंथातील एक उदाहरण पाहावे. शंख हे प्राण्याचेच अंग असून शुद्ध, तेव्हा मनुष्याची कवटीही शुद्ध, असे अनुमान कोणी केले तर ते लोकप्रसिद्धीच्या विरुद्ध म्हणून दुष्ट ठरते, असे तो ग्रंथ सांगतो. शुद्धता ही द्रव्यातून अनुमानाने निघणारी वस्तूच नव्हे, हे त्या तार्किकाने जाणले होते.

मुसलमानी शास्त्रकारांनी वेगळी वाट काढली. मिठाच्या खाणीत पडलेले जनावर मीठ होऊन गेले तर त्याला मिठाचाच हुकूम लागू, असे हनफी फकिहांनी मानले; शाफिई पंथाने हे इतक्या मोकळेपणाने मानले नाही. या कसोटीवर जाळून-धुऊन उरलेले खनिज एक वेळ सुटेल, पण कोलॅजनचा पडदा सुटणे कठीण, कारण त्यातील प्रथिन शाबूत असते म्हणूनच तर तो वापरतात. आणि चमत्कार असा की, पांढऱ्या पेशीही या दोहोंना निरनिराळी वागणूक देतात: पडदा त्या काही आठवड्यांत वा महिन्यांत विरघळवून टाकतात, खनिज तसेच राहू देतात.

तरीही पेशींचा कौल हा रुग्णाचा कौल नव्हे. पेशी आपल्या रक्ताने चढविलेला थर पाहते, श्रद्धावान माणूस आपल्या परंपरेने चढविलेला. पहिला थर खरा आणि दुसरा भ्रम, असे म्हणण्याचा अधिकार शरीरशास्त्राला कोणी दिलेला नाही. दुसरे मार्गही आहेत. २००१ साली फ्रान्समध्ये जोसेफ शुक्रून यांनी रुग्णाचेच रक्त गरगरा फिरवून त्यातून पांढऱ्या पेशींनी भरलेला फायब्रिनचा गोळा काढण्याची रीत सांगितली; कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे कणही मिळतात; सर्वच ठिकाणी ही द्रव्ये गोअस्थीची जागा भरून काढतात असे नाही, पण पुष्कळ ठिकाणी विचारात घेता येतात. म्हणून दंतवैद्यांस विनंती एवढीच की, हे चूर्ण कोणत्या जनावराचे, हा पडदा कोणत्या जनावराचा आणि याऐवजी दुसरे काय करता येईल, हे रुग्णाला त्याच्या भाषेत, भूल देण्यापूर्वी आणि त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगावे.