यंदा पावरी शिका

नव्या वर्षात विरंगुळ्यासाठी काय नवं शिकावं, असा विचार करत असाल, तर आपल्या सातपुड्याकडे पाहा. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी फाल्गुनात पहाटे पेटते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू, अंगावर ठिपक्यांची नक्षी आणि ढोलाच्या ठेक्यावर रात्रभर नाच! इतकी श्रीमंत करमणूक मला दुसरी ठाऊक नाही. मोबाइलवर आपण दुसऱ्यांचेच नाच पाहत बसतो. पावरी हे इथलं आदिवासी वाद्य फुंकायला मात्र स्वतःच्या छातीत दम लागतो, आणि शिकवणारं माणूस समोर लागतं. तुमच्या गावात पावरीचे जुने वादक असतील, तर या रविवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसा. होळीला अजून दोनेक महिने आहेत.