मायचा अंगठा

माझा बाप अंगठेबहाद्दर. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच्या पिढीचे बहुतेक सगळेच तसे. तरी कागदावर अंगठा उमटवताना त्याची मान खाली जायची.

पीककर्जासाठी सोसायटीला सातबारा लागायचा आणि तलाठ्याचा सजा तीन कोसांवर. "भाऊसाहेब बाहेर गेलेत," एवढं ऐकून बाप उन्हातान्हात परत यायचा. तिसऱ्या खेपेला तो शेंगांची पिशवी घेऊन जायचा, मग भाऊसाहेब भेटायचे. ते बरं नाही हे त्यालाही कळत होतं. पण मिरीग काही कुणासाठी थांबत नाही.

२०१८च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. धुळ्यात घरी बसून, पंधरा रुपये भरून मी पहिला उतारा काढला, तेव्हा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. ना खेप, ना पिशवी, ना खाली घातलेली मान. डोळे भरून आले. म्हणून कुणी संगणकाला सरसकट नावं ठेवली तर मला ते पटत नाही.

पण मायची गोष्ट वेगळी. मी गावी गेलो होतो, तिच्याबरोबर रेशनच्या रांगेत उभा होतो. मशीनवर तिने अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला. नाही. आयुष्यभर निंदणी, कपाशीची वेचणी, राखेने घासलेली भांडी. रेघा उरणार कुठून? दुकानदार तिच्या डोळ्यांसमोर वाढलेला. तो म्हणाला, "आजी, मी काय करू? मशीन घेत नही."

माय म्हणाली, "भाऊ, तू तं माले वळखस ना?"

तो खाली बघत राहिला. आणि मी? मी तिच्यावर खेकसलो, "नीट दाब ना!"

आधार क्रमांकाचं वाटप देशात पहिल्यांदा सुरू झालं ते आमच्याच खानदेशात, २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीला. १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. ज्याच्याजवळ कागद नाही त्यालाही ओळख मिळावी, हा हेतू खरोखर मोठा होता. पण ओळख पटणं आणि ओळखणं यांत फरक आहे. पहिलं काम मशीनचं. दुसरं माणसाचं, आणि ते आपण हळूच मशीनच्या अंगावर ढकललं. तलाठी अडवायचा तेव्हा निदान त्याच्याशी भांडता तरी यायचं. आता अडवणारा कुणीच नसतो, तरी माणूस अडतो. आणि दोष जातो झिजलेल्या अंगठ्याकडे.

त्या दिवशी आम्ही रिकामी थैली घेऊन परतलो. पुढे कळलं, अंगठा जुळला नाही तर मोबाईलवर ओटीपी मागवून धान्य देता येतं. दुकानदाराने ते सांगितलं नाही, हे खरं. पण मीही विचारलं नाही. शिकलेला मी, आणि मायच्या आधारला जोडलेला नंबर माझाच. तो फोन तेव्हा माझ्या खिशातच होता.

बापाची मान अंगठ्यापायी खाली गेली होती. मायची मी घालवली.