ढोली कोरताना

पावसाळ्याआधीच्या छाटणीत आमच्या सोसायटीतल्या शेवग्याची वाळकी फांदी खाली आली. तिच्या खालच्या अंगाला एक नेटकं गोल भोक होतं. तांबटाचं. पाऊस आत शिरू नये म्हणून हा पक्षी तिरप्या फांदीच्या पोटाशीच दार ठेवतो. फांदी धोकादायक होती हे खरंच, खाली गाड्या लागतात. पण ज्या बैठकीत ती तोडायचं ठरलं, त्याच बैठकीत पक्ष्यांसाठी लाकडी घरटी आणायचाही ठराव झाला. दोन्ही वेळा हात वर करणाऱ्यांत मी होतो.

घरटी आली ती प्लायवूडची, लाल छपराची, दाराशी बसायला दांडी. ती दांडी बघून मला हसू आलं. तिचा खरा उपयोग कावळ्याला. मग मी वखारीतून आंब्याचा एक ओंडका आणला आणि ओळखीच्या मिस्त्रींना गाठलं. ‘‘ढोलकीसारखा कोरायचा म्हणा की,’’ ते म्हणाले. पण ढोलकीचं खोड आरपार कोरतात, इथे बूड शाबूत हवं. शेवटी ओंडका उभा चिरून दोन फाकी केल्या, दोन्ही किकऱ्यानं आणि पटाशीनं आतून खणल्या आणि तारेनं परत एकत्र आवळल्या. बुडाला पाणी निथळायला चार बारीक भोकं पाडली. दार दयाळासाठी दोन इंचांचं. चिमणीला सव्वा इंच पुरतं. साल तशीच ठेवली, रंग नाही.

वाद झाला तो आतल्या बाजूवरून. मिस्त्रींनी पॉलिश पेपर काढला आणि मी त्यांचा हात धरला. भिंत खरबरीत हवी. पिल्लं तिच्यात नखं रोवून वर चढतात, गुळगुळीत भिंतीवरून ती घसरून पडतील. मिस्त्रींना ते पटेना. चाळीस वर्षं ज्या हातांनी लाकूड गुळगुळीत केलं, त्यांना ते अर्ध्यावर टाकलेलं काम वाटत होतं. मलाही, खरं सांगायचं तर, थोडं तसंच वाटलं. आपल्या हौसेला फिनिशिंग लागतं.

झाडातली ढोली अशी एका दुपारी होत नाही. फांदी मोडते, जखमेत पाणी मुरतं, बुरशी लागते, गाभा मऊ पडतो, मग कधीतरी सुतारपक्षी येतो. यात वर्षानुवर्षं जातात. त्यानं सोडलेल्या ढोलीत पुढे दुसरे संसार थाटतात : दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा. यांना स्वतःला खोड कोरता येत नाही. एवढी थोरली चोच असून धनेशालाही येत नाही. त्याला जुन्या झाडाची आयती, मोठी ढोलीच लागते. म्हणजे आपली पेटी कामाची ती या दुसऱ्या गटाला. तांबटाला तिचा उपयोग शून्य. त्याला वाळलेलं लाकूडच हवं असतं, घर तो स्वतः कोरतो. आम्ही त्याचा कच्चा माल उचलून नेला आणि मोबदल्यात तयार फ्लॅट दिला, तोही दुसऱ्याच कुणाला तरी.

हा व्यवहार जुना आहे. जर्मनीत हान्स फॉन बर्लेप्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुतारपक्ष्याच्या ढोलीचा आकार बारकाईनं पाहिला आणि तसेच ओंडके आतून कोरून झाडांवर टांगले. लाकडासाठी राखलेल्या जंगलात किडकं, पोकळ झाड ठेवतंय कोण?

ढोलीला पक्ष्यांच्या जगात काय भाव असतो, ते सालीम अलींच्या लहानपणच्या एका नोंदीत दिसतं. 1906-07 च्या सुमाराची ही नोंद. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. पोरानं नर मारला, तर लगेच दुसरा हजर. सात दिवसांत असे आठ नर मारले, प्रत्येक वेळी जागा भरली गेली. हा किस्सा लोक चिमणीच्या संसाराची गंमत म्हणून सांगतात. मला मात्र त्यात भिंतीतल्या त्या भोकासाठी लागलेली रांग दिसते.

आमचा ओंडका आंब्याला टांगून आता दुसरा उन्हाळा चालू आहे. आत एक पाल राहते. मधे मुंग्या होत्या. एकदा साळुंकीची जोडी आली, दारात डोकं घालून बराच वेळ काहीतरी बोलली आणि निघून गेली. पलीकडच्या बंगल्यात मात्र एका शेवग्याची वाळकी फांदी कुणाच्या तरी आळसानं राहून गेली आहे, आणि तांबट तिथे टुकटुकतो आहे. कानाकोपरा झाडून काढणाऱ्या आमच्या सोसायटीकडे त्याचं लक्षही नाही.

मिस्त्री भेटले की विचारतात, ‘‘भाडेकरू आला का, दादा?’’ नाही म्हटलं की ओंडक्याकडे मान वर करून बघतात. परवा म्हणाले, ‘‘अजून लई कोरा दिसतोय. खाऊ द्या त्याला दोन पावसाळे.’’