जन्माची नोंद, कर्माची नोंद

शेतकऱ्याला नोंदीचं महत्त्व कुणी सांगायला नको. सातबाऱ्यावर एक ओळ चुकीची पडली, की ती दुरुस्त करण्यात माणसाची हयात जाते. तरी जमिनीची चूक फेरफारानं निघते. माणसाच्या जन्मावरच कुणी नोंद घातली, तर तिचा फेरफार कुठल्या चावडीत करायचा?

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो आपल्या मुंबई इलाख्यावरही आला. पारधी, कैकाडी, भामटे, कंजारभाट अशा जातीच्या जाती यादीत गेल्या. बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. गिरणीत राबायचं नि परत कुंपणात यायचं. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

यात एक इपरीत आहे. ठशांचं पहिलं दप्तर कलकत्त्यात १८९७ साली निघालं, ते दोन माणसांचे ठसे जुळत नाहीत या आधारावर. म्हणजे ठसा सांगतो, हा माणूस एकटा, वेगळा. आणि यादी सांगत होती, हे सगळे एकच.

कुणी म्हणेल, विहिरीवरची मोटार गेली की कळतं. खरं आहे. ज्याचं जातं त्याचा जीव जळतो, आणि चोराची नोंद ठेवायलाच पाहिजे. पण ती त्यानं काय केलं याची ठेवावी. पाळण्यातल्या पोरानं काय केलेलं असतं?

३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला. पुढं सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, नि जुनीच माणसं नव्या नावाखाली सापडत राहिली. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, असं सुप्रीम कोर्टाला २०२४ साली सांगावं लागलं.

कोर्ट कागदावरचं खोडतं. बोलण्यातलं कोण खोडणार? भामटा हे एका जमातीचं नाव. आपण ते फसवणाऱ्याला शिवी म्हणून वापरतो. गावात चोरी झाली की पुरावा हुडकायच्या आधी बोट पालांकडं जातं. बोट दाखवायला ठसा लागत नाही, कागद लागत नाही. म्हणून तर ते दप्तर सगळ्यात जुनं, आणि ते आपल्याच ताब्यात आहे.