कोणाच्या वहीवरून उतरवले?

आज थोडे माझ्या धंद्यातले सांगणार आहे. मी पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहितो. त्या लिहिण्याला ‘कोड’ म्हणतात. या शब्दाला बिचकू नका. स्वयंपाकाची कृती जशी कागदावर उतरवतात, तसे यंत्राने काय करायचे ते ओळीओळीने लिहून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच, की कृतीत मीठ लिहायचे राहिले तरी सुगरण ते घालते. यंत्र घालत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

आमच्या धंद्यातली एक बाब बाहेर फारशी ठाऊक नसते. लोकांना वाटते, येथे सगळाच पैशांचा बाजार. बाजार आहेच. पण ज्या पायावर तो उभा आहे, त्याचा फार मोठा भाग कोणी ना कोणी फुकट वाटलेला आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आज त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. ज्या वेबवर जग वाचते-लिहिते, ती स्वित्झर्लंडच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी घडवली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ती कोणालाही विनामूल्य वापरायला मोकळी करून दिली. असे वाटणारे आजही हजारो आहेत. दिवसा नोकरी करतात, रात्री जागून लिहितात आणि लिहिलेले चव्हाट्यावर ठेवून देतात.

अशा वाटलेल्या कोडबरोबर एक परवाना असतो. त्यातला फार चालणारा एक परवाना अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या नावाने ओळखला जातो. मजकूर पुरते अर्धे पानही नाही. त्यात म्हटले आहे, की घ्या, वापरा, बदला, हवे तर विकासुद्धा. अट एकच. वर जी नावाची ओळ आहे ती आणि हा परवाना, दोन्ही प्रतीत राहू द्या. पैसा मागितलेला नाही, आभार मागितलेले नाहीत. नाव पुसू नका, एवढेच मागितले आहे.

माउली, मी ते पुसले.

२०१८ सालची गोष्ट. ऑफिसने मला बंगळुरूला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवले. विमानाची तिकिटे महाग पडत होती, म्हणून उद्यान एक्स्प्रेसने निघालो. दुपारी गाडी कुर्डुवाडीवरून गेली तेव्हा मी खिडकीतून हात जोडले. लहानपणी आण्णांचा हात धरून पंढरपूरला जाताना याच स्टेशनात उतरलो होतो. या वेळी मात्र मांडीवर लॅपटॉप होता आणि गाडी पुढे निघून गेली.

कार्यशाळेत गेल्या गेल्या प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पट्टी अडकवतात. नाव, हुद्दा, कंपनी. समोरचा माणूस आधी छातीवरची पट्टी वाचतो आणि मग किती हसायचे ते ठरवतो. दिंडीत चालणाऱ्याला हे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ, आणि नाव विचारायच्या आत समोरचा ‘माउली’ म्हणून पायाशी वाकलेला असतो. असो.

तिथे एका पन्नाशीच्या गृहस्थांनी तीन तास शिकवले. तारखा, वार, सुट्ट्या, पाळ्या यांचा हिशेब यंत्राकडून कसा करून घ्यावा, हा विषय. ऐकायला सोपा वाटतो, पण भल्याभल्यांना फसवतो. ते स्वतःच्या खर्चाने आले होते. मानधन घेतले नाही. दुपारी जेवणाच्या रांगेत मी एक शंका विचारली, तर ताट हातात धरून उभ्या उभ्या वीस मिनिटे समजावत राहिले. त्यांचा भात गार झाला. निघताना म्हणाले, माझा कोड खुला आहे, लागेल तेव्हा घ्या.

२०१९ च्या शेवटी तो मला लागला. कारखान्यातल्या कामगारांची हजेरी आणि पगार यांचे काम आमच्याकडे आले होते. पाळ्यांच्या हिशेबाचा भाग मी त्यांच्या कोडवरून जसाच्या तसा उतरवला. येथवर पाप नाही. पण बाहेरचा कोड घेतला तर ऑफिसात एक फॉर्म भरावा लागे आणि त्याची मंजुरी यायला दोन आठवडे जात. काम चार दिवसांत द्यायचे होते. मी वरच्या तीन ओळी खोडल्या. त्यांचे नाव, साल, परवाना. एक बटण दाबले, ओळी गेल्या. घरी जाताना मला त्याचे काही वाटलेही नाही, हे आज जास्त बोचते.

२०२१ मध्ये काम चालू झाले आणि नावाजले गेले. २०२२ मध्ये मला एका परिषदेत त्यावर बोलायला उभे केले. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, “पाळ्यांचा हिशेब फार सुबक आहे. हा भाग कोणी लिहिला?” मी म्हणालो, “आम्हीच.” टाळ्या झाल्या. एक स्मृतिचिन्ह मिळाले आणि पुढच्या वर्षी बढती. त्यानंतर कामासाठी बराच हिंडलो. २०२३ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्सलाही जाऊन आलो. तिथे दरवर्षी एका विद्यापीठात खुल्या कोडवाल्यांचा मोठा मेळा भरतो, फॉसडेम म्हणतात. प्रवेशमूल्य नाही, नावनोंदणी नाही, सगळी व्यवस्था स्वयंसेवकांची. खोली भरली की दारावर ‘भरली’ म्हणून पाटी लावतात आणि लोक बाहेर थंडीत उभे राहतात. त्या गर्दीत मला दिंडीची आठवण झाली आणि मन भरून आले. आपले नाव खोडणारा मीच, आणि मन भरून येणाराही मीच. माणूस स्वतःपासून किती लपू शकतो, पाहा.

मग २०२४ चा फेब्रुवारी आला. २९ दिवसांचा. २९ तारखेच्या रात्रपाळीला चाळीसेक कंत्राटी कामगार आत गेले आणि १ मार्चला सकाळी बाहेर पडले. आमच्या कोडच्या लेखी २९ फेब्रुवारी हा दिवसच नव्हता. त्यामुळे ती पाळी कुठल्याच खान्यात बसली नाही. पगार झाला तेव्हा चाळीस घरांत एका रात्रीची मजुरी कमी आली. कामगार सांगत होते, साहेब, आम्ही आलो होतो. मुकादम पडद्याकडे बोट दाखवत होता. पडद्यावर ते आलेले नव्हते. माणूस खोटा आणि पडदा खरा, असा हा काळ आहे. एकाला तर ‘दारू पिऊन घरी झोपला असशील’ असेही ऐकवले गेले, असे मला नंतर कळले.

चूक कोठे आहे, ते मला पहिल्या तासातच उमगले. तरीही दीड दिवस मी चार सहकाऱ्यांबरोबर ती शोधण्याचे नाटक केले. कारण चूक दाखवायची म्हणजे तो भाग कोठून आला तेही सांगायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा बसून त्या गृहस्थांचे मूळ पान उघडले. दुरुस्ती तिथे होती. २०२० च्या मार्चमध्येच, त्याआधीच्या २९ फेब्रुवारीनंतर, त्यांनी ती करून ठेवली होती. दोन ओळींची. ज्यांनी ज्यांनी नाव ठेवून कोड घेतला होता, त्यांना ती तिथे जाऊन घेता येत होती. आमच्याकडे ती आली नाही, कारण आमच्या प्रतीला मूळ गावच उरले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ते नाव खोडताना मी मनाशी एक बचाव केला होता, आणि सांगायला लाज वाटते, तो बचाव आपल्याच घरातला होता. नावाचा सोस म्हणजे अहंकार. ज्ञान कोणाचे एकट्याचे नसते. देणाऱ्याने दिले, त्याचे त्याला पावले. त्या गृहस्थांनाही नावाची हौस नसणार. हे सगळे ऐकायला किती शुद्ध वाटते! पण माउली, नीट पाहा. अहंकार सोडायचा तो आपला. त्यांनी स्वतःचे नाव स्वतः काढले असते, तर तो त्याग होता. मी काढले तर ती चोरी, आणि वर तिला मी त्यागाचे सोवळे नेसवले. त्यांचे नाव निघाल्यावर ती जागा मोकळी तरी कुठे राहिली? मुलीने विचारले तेव्हा तिथे ‘आम्हीच’ येऊन बसले.

तुम्ही म्हणाल, जात्यावरच्या ओव्यांना कुठे नाव आहे? खरे आहे. त्या कोणी रचल्या कोणाला ठाऊक नाही, आणि त्यामुळे त्यांचे काही उणे झालेले नाही. पण ती नावे गात गात विसरली गेली. कोणी पुसली नाहीत. विसर पडणे आणि पुसणे यांत मला आता फार अंतर दिसते. आणि आपली परंपरा नावाबद्दल इतकी बेफिकीर आहे, असेही नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या शेवटी आवर्जून आले आहे. सांगणारे ज्ञानोबा, तरी लिहून घेणाऱ्याचा हात झाकला गेला नाही. पुढे शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ग्रंथाचे पाठ शोधून शुद्ध प्रत केली. केवढा अधिकार त्यांचा! पण त्यांनी त्यात आपली ओवी घातली नाही, आणि दुसऱ्या कोणी घालू नये अशी ताकीद देऊन ठेवली. दुसऱ्याच्या कामाला हात लावावा तर असा. माझ्या धंद्यातल्या कोणत्याही कार्यशाळेत मला हे इतके स्वच्छ शिकवले गेले नाही. अर्थात घरात होते, तरी मी शिकलो नव्हतो, तेव्हा कार्यशाळांना बोल कशाला लावू?

त्या शनिवारी मी गावी गेलो आणि आण्णांना सगळे सांगितले. कोड म्हणजे काय, परवाना म्हणजे काय, सगळे. ते चष्मा पुसत ऐकत होते. मग उठून कपाटातून भजनाची वही काढली. चाळीस वर्षांची वही, कडा तेलकट झालेल्या. त्यांनी शेवटचे पान उघडून माझ्यापुढे धरले. तिथे त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरात लिहिले होते, की ही वही आमच्या दिंडीतल्या अमुक बुवांच्या वहीवरून उतरवली आणि बुवांनी ती त्यांच्या गुरुजींच्या वहीवरून उतरवली होती.

मी विचारले, “आण्णा, हे कशासाठी लिहून ठेवलंत?”

“अरे, एखाद्या चरणाचा पाठ अडला तर कुणाला विचारायचं, ते नको का कळायला?” असे म्हणून त्यांनी वही मिटली. मला वाटले होते, ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

सोमवारी मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, “जुनी गोष्ट आहे, आता सोडून द्या. आणि हे मेलवर लिहू नका.” मी लिहिले. खोडलेल्या तीन ओळी जागेवर परत घातल्या आणि सगळ्या टीमसमोर त्या कशा गेल्या होत्या ते सांगितले. कामगारांची मजुरी पुढच्या पगारात मिळाली. ज्याला दारूवरून ऐकवले होते, त्याची कोणी माफी मागितली का, हे मी दोनदा विचारले. उत्तर आले नाही.

त्या गृहस्थांना पत्र लिहायला मला तीन रात्री लागल्या. त्यांचे उत्तर सकाळी आले, पाच ओळींचे. पहिली ओळ होती, कामगारांना पैसे मिळाले का? नावाबद्दल त्यांनी एक शब्द लिहिला नव्हता. शेवटी एवढेच, की रात्रपाळी दोन तारखांत विभागली जाते तो नमुना पाठवा, माझ्या तपासणीत तो नाही. मी पाठवला. त्यांनी तो आपल्या कामात घेतला आणि खाली मदत करणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घातले. मला न विचारता. ते नाव काढा असे लिहावे की राहू द्यावे, यावर मी बराच वेळ बसून होतो.

स्मृतिचिन्ह मी परिषदवाल्यांकडे परत पाठवले आणि भाषणाखाली खुलासा घालायला सांगितले. त्यांनी खुलासा घातला. बढती मात्र तशीच आहे. तिचा वाढीव पगार दर महिन्याला येतो आणि घराच्या हप्त्यात जातो. पत्नी म्हणते, पुढची दोन वर्षे तुम्ही तुमच्या कष्टाने त्या जागेला लायक ठरलात, आता स्वतःला किती जाळाल? आण्णांना विचारले तर ते काही बोलत नाहीत. तुमच्यापैकी कोणी अशा घासातून गेले असेल, तर मला खरोखरच विचारायचे आहे, माउली, तुम्ही त्या पैशाचे काय केले?